वाफसा

आत्या घर बदलून दूर गेली, तेव्हा जाताना तिचा गुलाब मला देऊन गेली. बाकीच्या कुंड्या ज्याला हव्या त्याला तिने वाटून टाकल्या होत्या. ही मात्र कोणाच्या हाती पाठवली नाही, स्वतः मांडीवर धरून आणली. कडेचा टवका उडालेली मातीची कुंडी आणि तिच्यात अंगठ्याएवढ्या जाड बुंध्याचं, माझ्या गुडघ्याच्या वर पोचणारं झाड. फुलं फिकट गुलाबी, मध्याकडे गडद होत गेलेली, मंद वासाची. "अकरा वर्षं आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "रोज पाणी घाल. बाकी काही मागत नाही हा."

ते वाक्य मी जपून ठेवलं. सकाळी उठल्यावर पहिलं काम झारी भरायचं. संध्याकाळी घरी आले की पर्स ठेवायच्या आधी पुन्हा एकदा. आत्याची आठवण आली की मधेच थोडं आणखी. टवका उडालेल्या कुंडीतून मी झाड एका मोठ्या, चकचकीत प्लॅस्टिकच्या कुंडीत हलवलं, त्याला ऐसपैस जागा मिळावी म्हणून. नव्या कुंडीत निम्म्याहून जास्त कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलं, कारण ते हलकं असतं, हाताला स्वच्छ वाटतं. फरशीवर डाग पडू नयेत म्हणून ती कुंडी आणखी एका, तळाला भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत बसवली. यातली एकेक गोष्ट मी मन लावून केली होती. पुढे जे झालं ते हेळसांडीतून झालं नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं.

साधारण पाच आठवड्यांनी खालची पानं पिवळी पडायला लागली. शिरांसकट सगळं पान एकसारखं पिवळं, आणि बोट लावलं की देठासकट हातात. चार-दोन जुनी पानं गळायचीच, असं म्हणून मी ती वेचून टाकली. मग एके दिवशी शेंड्यांनी माना टाकल्या. कोवळी टोकं वाकून खाली लोंबत होती, पानं मऊ आणि निस्तेज. कोणीही बघितलं असतं तरी तेच म्हणालं असतं, जे मी म्हणाले: तहानलंय बिचारं. मी झारी भरून आणली. दुसऱ्या दिवशी माना आणखी खाली. मी आणखी पाणी घातलं.

मला आजही त्या दोन दिवसांचं वाईट वाटतं. बुडणाऱ्या झाडाची खूण आणि तहानलेल्या झाडाची खूण वरून बघता जवळजवळ सारखी असते, हे मला माहीत नव्हतं. आता कारण कळलंय, आणि ते इतकं साधं आहे की आधी कधीच कसं मनात आलं नाही, याचं नवल वाटतं.

मुळं श्वास घेतात. पानांनी उन्हात तयार केलेली साखर खाली मुळांपर्यंत पोचते आणि मुळं ती प्राणवायूच्या मदतीने जाळून ताकद मिळवतात. त्या ताकदीवर त्यांचं सगळं काम चालतं: वाढणं, क्षार ओढून घेणं, पाण्याची वाट खुली ठेवणं. हा प्राणवायू त्यांना मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांतून मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की वायूची वाट बंद होते, कारण हवेतून प्राणवायू जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट हळू तो पाण्यातून पसरतो. तुडुंब भिजलेल्या कुंडीत आहे तो प्राणवायू एक-दोन दिवसांतच संपत येतो. मग गुदमरलेल्या मुळांच्या पेशी आतून आंबट होतात आणि त्यांच्या पापुद्र्यांमधली पाणी आत घेणारी दारंच मिटतात. सभोवती पाणीच पाणी, आणि वर पानांना थेंब नाही. अनेक झाडांमध्ये याच वेळी पानांत इथिलीन वायू वाढतो, तोच जो फळं पिकवतो, आणि त्याने देठ खाली झुकतात. म्हणजे झाड जे सांगत होतं ते खरंच होतं, त्याला वर पाणी मिळत नव्हतं. फक्त कारण मी समजत होते त्याच्या नेमकं उलट होतं.

तिसऱ्या दिवशी आत्याला फोन केला. रडवेली झाले होते, तिने ते ओळखलं असणार, पण तसं काही बोलली नाही. सरळ विचारलं, "कुंडी उचलून बघितलीस का?"

"उचलून? नाही."

"उचल आत्ता."

मी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने कुंडी उचलायला गेले. हलली नाही. दोन्ही हात लावले तेव्हा कुठे शोभेच्या कुंडीतून वर आली, आणि तिच्याखाली चार बोटं पाणी होतं, गढूळ चहाच्या रंगाचं. मी ते आत्याला सांगितलं.

"अगं, वाफसा येऊच दिला नाहीस तू त्याला," ती म्हणाली.

वाफसा हा शब्द मी ऐकला होता, पण तो शेतातला म्हणून. पावसाने चिंब झालेली जमीन हळूहळू निथळत जाते आणि एका क्षणी अशी होते की मूठभर माती दाबली तर गोळा होतो, पण बोटाने टिचकी मारली की भुसभुशीत होऊन सुटतो. पायाला चिखल चिकटत नाही आणि ढेकळंही झालेली नसतात. ओल आहे आणि हवाही आहे. शेतकरी त्याची वाट बघतो, वाफसा आल्याशिवाय पेरायला जात नाही. आणि जिथे पाणी साचून वाफसा येतच नाही ती जमीन चिबड. माझ्या बाल्कनीत एक वीतभर चिबड जमीन होती आणि ती मी स्वतः तयार केली होती.

आत्याच्या गच्चीवर दिवसभर ऊन असायचं. कुंडी मातीची, तिच्या अंगातूनही पाणी उडून जायचं. अकरा वर्षांत मुळांनी सगळी कुंडी व्यापलेली, त्यामुळे सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत मुळं पिऊन टाकायची. तिचं "रोज पाणी घाल" तिथे अगदी बरोबर होतं. माझ्याकडे ऊन सकाळचे तीन तास. प्लॅस्टिकच्या भिंतींतून काही उडत नाही. मोठ्या कुंडीत मुळांपासून लांब जी माती होती तिच्यातलं पाणी पिणारं कोणीच नव्हतं. त्यात कोकोपीट, जे वरून कोरडं दिसतं आणि आत पाणी धरून बसतं. "चूक माझीपण आहे," आत्या म्हणाली. "माझ्या गच्चीवरचं तुला सांगितलं. माती बघून घाल, हे सांगायला हवं होतं."

त्याच संध्याकाळी मी झाड बाहेर काढलं.

हे काम घाईने करू नये. वर्तमानपत्र पसरून मी कुंडी आडवी केली, कडेने खुरपीचं पातं फिरवलं आणि बुंधा धरून हलकेच ओढलं. निरोगी झाडाचा मुळांसकट गड्डा निघतो, कुंडीच्या आकाराचा, मुळांनी बांधलेला. इथे माती तशीच राहिली आणि झाड फार सहज बाहेर आलं. पाठोपाठ वास आला, सडक्या अंड्यासारखा. हवा संपलेल्या मातीत प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू वाढतात, त्यातल्या काहींच्या कामातून हा वायू निघतो. नाकाने सांगितलं ते डोळ्यांनी बघायच्या आधीच मी समजले.

बादलीतल्या साध्या पाण्यात मुळं हळूहळू धुतली. माती सुटत गेली तसं खाली काय उरलंय ते दिसायला लागलं. बाहेरच्या बाजूची, मी दिलेल्या नव्या जागेत गेलेली मुळं काळपट तपकिरी होती. त्यातलं एक मी दोन बोटांत धरून अलगद ओढलं, आणि त्याची साल बाहीसारखी निघून बोटांत आली. मागे राहिला शिवणाच्या दोऱ्याएवढा एक बारीक तंतू. मी किती तरी वेळ तो तंतू बघत बसले. मुळाच्या बाहेरचं सगळं मांस सडून गेलं होतं आणि मधली वाहिनी तेवढी उभी होती. दुसरं मूळ ओढलं, तेच. तिसरं, तेच. मग बुंध्याच्या अगदी जवळ, जुन्या गड्ड्याच्या गाभ्यात बोटं गेली आणि तिथे हाताला काहीतरी टणक लागलं. पाणी ओतलं. तीन जाड मुळं, वरून तांबूस, नखाने खरवडल्यावर आत पांढरीशुभ्र. आणि त्यांच्या बगलेत आठ-दहा बारीक पांढऱ्या मुळ्या, ओल्या सुतासारख्या. शेतीतली माणसं पिकाचा जोर विचारताना "पांढरी मुळी चालू आहे का?" असं विचारतात. चालू होती. फार थोडी, पण होती.

सडलेला भाग कात्रीने कापला, जिथे पांढरं दिसेल तिथपर्यंत. प्रत्येक कापानंतर कात्रीची पाती स्पिरिटने पुसत होते. मुळकुजीला कारण होणारे जीव बहुतेक वेळा पिथियम किंवा फायटोफ्थोरा कुळातले असतात. बुरशीसारखे दिसतात, पण नात्याने खऱ्या बुरशीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळांना जवळचे. त्यांचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यातून पोहतात आणि मुळांपर्यंत पोचतात, म्हणून साचलेलं पाणी ही त्यांची हक्काची वाट. फायटोफ्थोरा हे नाव १८७६ साली जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी दिलं, ग्रीक शब्दांवरून, अर्थ 'झाडांचा संहारक'. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याची शेतंच्या शेतं काळी पडली, त्यामागे याच कुळातला एक जीव होता. त्याची भावंडं माझ्या बाल्कनीतल्या बादलीत असावीत, या विचाराने मी ती सगळी जुनी माती पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली. दुसऱ्या कुंडीत नाही, खतातही नाही.

आता वरचा भाग. मुळं एवढी कमी झाल्यावर सगळ्या फांद्या पोसणं त्यांना झेपणार नव्हतं. पण फांद्यांमध्ये झाडाची शिल्लकही असते, सगळंच छाटून चालत नाही. कोणती फांदी जिवंत हे नखाने साल किंचित खरवडून कळतं: खाली हिरवं आणि ओलसर असेल तर जीव आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर नाही. मी शेंड्याकडून सुरुवात केली. तपकिरी. थोडं खाली, तपकिरी. तिथे सिकेटरने कापलं की फांदीच्या आतलं मऊ भेंडसुद्धा तपकिरी दिसायचं, मग आणखी खाली. भेंड पांढरं लागलं तिथे थांबायचं, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून फूट निघते त्या जागेच्या, थोडं वर, तिरका काप. पाचपैकी दोन फांद्या बुडापर्यंत गेल्या. तीन उरल्या, जेमतेम वीतभर उंचीच्या.

कुंडी पुन्हा आत्याचीच घेतली, जुनी, टवका उडालेली. उरलेल्या मुळांना तीही मोठीच वाटत होती, पण मातीची होती. गरम पाण्याने घासून, उन्हात वाळवून घेतली. मिश्रणात दोन भाग बागेतली माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि ओंजळभर परलाइट, म्हणजे माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे. शेणखतही मी बेतानेच घातलं. आजारी झाडाला खत द्यायचा मोह मोठा असतो, पण जखमी मुळांना रासायनिक खताचे क्षार बाधतात, आणि वाढ सुरू होईपर्यंत त्याला ते नकोच असतं.

तळाशी खापऱ्यांचा थर घालायला मी हात पुढे केला होता. आपण सगळे घालतो, निचरा होतो म्हणून. पण निचरा त्याने होत नाही. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरला की थोड्या वेळाने ठिबकायचा थांबतो, तरी त्याच्या खालच्या थरात पाणी भरलेलं असतं. तोच स्पंज उभा केला की पुन्हा धार लागते. मातीचंही असंच आहे. प्रत्येक मिश्रण तळाशी ठरावीक उंचीचा पाण्याचा थर धरून ठेवतं, मग भोकं कितीही असोत. खाली खापऱ्या घातल्या तर तो थर त्यांच्यावर येऊन बसतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा एक तुकडा ठेवला, बस. निचरा मातीच्या पोतातच असावा लागतो.

लावून झाल्यावर एकदा भरपूर पाणी घातलं, खालून निथळून जाईपर्यंत, आणि कुंडी दोन विटांवर ठेवली. शोभेची कुंडी कपाटाच्या वर गेली. पहिले दोन आठवडे ऊन नाही, पण उजेड भरपूर, अशी जागा. आणि मग वाट बघायची.

हा भाग सगळ्यात अवघड होता. मुळं कापताना हात चालू होते. आता हातांना काम नव्हतं. सकाळी उठून मी सवयीने झारीकडे जायचे आणि थांबायचे. तेव्हा मला माझंच एक उमगलं: इतके दिवस त्या पाण्याची गरज झाडापेक्षा मला होती. आत्या रोजच्या भेटीतून निघून गेली होती, आणि दिवसातून दोनदा तिच्या गुलाबापाशी उभं राहून काहीतरी घालणं हा तिच्याजवळ जाण्याचा माझा मार्ग झाला होता. मी झारी खाली ठेवायचे आणि तेवढा वेळ नुसतीच बसायचे. लाकडाची एक बारीक काडी मातीत खोचून ठेवली होती, ती ओढून बघायची. टोकाला ओल आणि मातीचे कण चिकटलेले असले तर आज पाणी नाही. कुंडी उचलायची. पाणी घातल्यावरचं वजन हाताला ठाऊक झालं होतं, ते रोज थोडं हलकं व्हायचं. पहिलं पाणी सहाव्या दिवशी घातलं. सकाळी, पानांच्या जागी नुसत्या काड्या असूनही बुंध्याशी, वरून नाही. थेंब थेंब नाही, पुन्हा निथळेपर्यंत, कारण अर्धवट पाणी वरच भिजतं आणि खालची मुळं कोरडी राहतात. जास्त पाणी म्हणजे एका वेळी जास्त नव्हे, वारंवार, हे मला तोवर नीट कळलं नव्हतं.

सतराव्या दिवशी खाली बुंध्याजवळ हिरवा ठिपका दिसला. मी आनंदाने आत्याला लगेच फोन लावला. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "गाठीच्या वर आहे की खाली?"

गुलाबाची बहुतेक झाडं डोळा भरून केलेली असतात: खाली रानगुलाबाचा खुंट, त्याच्यावर हव्या त्या जातीचा डोळा. जिथे जोड असतो तिथे बुंध्याला गाठ दिसते. मी माती बाजूला करून बघितलं. धुमारा गाठीच्या खालून आला होता.

"खुंटाची फूट आहे ती," आत्या म्हणाली. "ठेवलीस तर तीच वाढेल आणि माझा गुलाब मरेल. कापू नकोस, मुळापासून ओढून काढ."

सतरा दिवसांनी दिसलेलं पहिलं हिरवं होतं ते. पण फूट जोमाने आली याचा अर्थ खाली मुळं चालू झाली होती, एवढं तरी त्या फुटीने सांगितलं होतं. मी ती धरली, खालच्या दिशेने ओढली. टचकन आवाज आला. हातात दोन इवली पानं होती, कातरलेल्या कडांची. ती मी फेकली नाहीत, पाण्याच्या वाटीत ठेवली, तीन दिवस टिकली.

आणखी नऊ दिवस गेले. मग मधल्या फांदीवर, मी तिरका काप दिला होता त्याच्याच खालचा डोळा फुगला. आधी तांदळाच्या कणीएवढा, तांबडा. दोन दिवसांनी त्याचं टोक उकललं आणि आत घड्या घातलेली पानं दिसली, हिरवी नव्हेत, गर्द लाल, ओल्या लाखेसारखी चमकणारी. बऱ्याच गुलाबांची कोवळी पालवी लालच असते. तो रंग कोवळ्या पानांना कडक उन्हापासून जपतो, असं मानतात. मी भिंगातून बघितलं. पानाच्या कडेच्या प्रत्येक दात्याच्या टोकाला एक सूक्ष्म लाल गाठ होती. जोड तीनदा तपासला. डोळा गाठीच्या वर होता, चांगला वीतभर वर.

पालवी हिरवी झाल्यावर कुंडी सकाळच्या उन्हात सरकवली. धुमारा चार बोटांचा झाला तेव्हा गांडूळखताची एक मूठ दिली. दुसऱ्या फांदीनेही डोळे उघडले. तिसरी वाळली, ती काढून टाकली.

परवा आत्याचा फोन आला. "फूल आलं का गं?"

"कळी आली होती," मी म्हटलं. "वाटाण्याएवढी. खुडली."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. नव्या मुळांवर पहिल्या फुलाचा भार नको म्हणून कळी खुडतात, हे मला तिनेच लहानपणी कधीतरी तिच्या गच्चीवर सांगितलं होतं. तिला ते आठवलं असेल की नाही, मला माहीत नाही.

"बरं केलंस," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आज पाणी घातलंस?"

मी फोन कानाशी तसाच धरून बाल्कनीत गेले आणि एका हाताने कुंडी उचलली.

"नाही," मी म्हटलं. "उद्या."